परवाना, टेस्ट रिपोर्ट आणि सारखी पडणारी आरसीसीबी : एका वायरमनच्या तीन प्रश्नांना उत्तर

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून काही वर्षं घरगुती वायरिंगची कामं घेणाऱ्या एका तरुणाने तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला : माझ्याकडे परवाना नाही, मीटरच्या अर्जाला लागणारा टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा कागद) ओळखीच्या ठेकेदाराकडून पैसे देऊन आणतो, मग परवाना काढून मला काय मिळणार? दुसरा : काढलाच तर पुढे पुन्हा काही शिकावं लागतं का? तिसरा : नुकत्याच पूर्ण केलेल्या बंगल्यात आरसीसीबी (करंट बाहेर गळला की सप्लाय तोडणारा स्विच) सारखी पडते, म्हणजे आपोआप बंद होते, मालक म्हणतात काढून टाक, काय करू?

मी पर्यवेक्षकाचा परवाना आणि ठेकेदारीची अनुज्ञप्ती असलेला माणूस आहे आणि आयुष्य याच कामात गेलं आहे. उत्तर तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्या घरात माणसं राहायला आली आहेत.

आरसीसीबी काढू नका. थेट जोडूही नका, आणि ३० मिलिअँपिअरची काढून तिथे १०० किंवा ३०० ची बसवू नका. घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत लिहिलेली आहे, आणि त्या आकड्यामागे कारण आहे. माणसाच्या अंगाचा विरोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर जातात. एवढ्यात हृदय बंद पडू शकतं. त्याच सर्किटवरची १६ अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) या करंटच्या सत्तर पट करंटसाठी बनवलेली असते. माणूस चिकटून राहिला तरी तिच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवायला आरसीसीबी लागते. मालकांना हे याच आकड्यांनिशी सांगा, बहुतेकांना पटतं.

आता ती का पडते ते बघू. आरसीसीबी आत जाणारा आणि परत येणारा करंट यांची तुलना करते. फेजमधून गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला नाही की ती पडते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. नव्या बंगल्यात ती सारखी पडत असेल तर माझा पहिला संशय उपकरणांवर जात नाही, डीबीतल्या, म्हणजे सर्किटं वाटणाऱ्या पेटीतल्या, न्यूट्रलवर जातो.

तुम्ही लिहिलंय की डीबीत दोन आरसीसीबी आहेत, एक खालच्या मजल्याला आणि एक वरच्या. अशा वेळी जिन्यातल्या दुतर्फी स्विचच्या दिव्याला फेज खालून आणि न्यूट्रल वरच्या बोर्डातून घेतलेला असतो. पाईप जवळ होता, वायर वाचली. पण ९ वॉटचा एलईडी बल्बसुद्धा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. तो करंट खालच्या आरसीसीबीतून गेला आणि वरच्या आरसीसीबीतून परतला, म्हणजे दोघींच्याही हिशेबात ४० चा फरक पडला. रात्री जिन्यातला दिवा लावला की घर अंधारात, आणि मालक म्हणतात आरसीसीबीच खराब आहे. इन्व्हर्टरचंही तसंच. इन्व्हर्टरचा सप्लाय एका आरसीसीबीवरून आणि त्याच्यावर चालणाऱ्या पंख्यांचा न्यूट्रल दुसरीच्या बारवर (न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर), हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की इन्व्हर्टर दिसला की आधी तेच तपासतो.

दुसरी खोड याहून वाईट. अर्थिंगची वायर पोचलेली नसते, मग कोणीतरी थ्री-पिन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थची पिन एका तुकड्याने जोडून देतो. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण त्या सॉकेटला फ्रीज जोडला आणि मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फ्रीजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. आरसीसीबी असलेल्या घरात अर्थ पुढे कुठे जमिनीशी जोडलेला असेल तर असा तुकडा लगेच पकडला जातो, कारण न्यूट्रलचा काही करंट अर्थमधून वाट काढतो. म्हणजे ती पडते आहे ती तुम्हाला वाचवण्यासाठीच. प्रत्येक सॉकेट उघडून बघा.

शोधायची पद्धत सांगतो. नुसत्या एमसीबी एकेक खाली पाडून दोष सापडेलच असं नाही, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल बारवर तसेच जोडलेले राहतात, आणि न्यूट्रल-अर्थचा दोष असेल तर त्या सर्किटची एमसीबी बंद असतानाही दुसऱ्या सर्किटच्या लोडमुळे आरसीसीबी पडते. याच कारणाने लोक दोन-दोन दिवस गोंधळतात. मेन बंद करा, बंद झाल्याची मीटरने खात्री करा, बारवरचे सगळे न्यूट्रल सुटे करा, प्रत्येकाला त्याच्या फेजच्या नंबरची पट्टी लावा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) एकेक न्यूट्रल अर्थशी तपासा. ज्याचं रीडिंग शून्याजवळ येईल तो दोषी. सगळे चांगले आले तर एकेक सर्किट फेज आणि न्यूट्रलसह जोडत चला, दिवे लावत चला, आणि ज्या दिव्याला पडेल तिथे उसना, म्हणजे दुसऱ्या सर्किटचा घेतलेला, न्यूट्रल शोधा. मेगर लावण्याआधी उपकरणांचे प्लग काढलेले, एलईडी ड्रायव्हर सुटे केलेले आणि सर्ज प्रोटेक्शनचं यंत्र बसवलं असेल तर तेही सोडवलेलं असावं. नाहीतर एकतर चुकीचं रीडिंग येतं, नाहीतर मालकांचे दिवे जातात.

एवढं करून वायरिंग निर्दोष निघालं तर मग गिझरचं एलिमेंट, वॉशिंग मशीन, गेटवरचा दिवा आणि बेलचं बटण. पावसाळ्यात पडते आणि उन्हाळ्यात पडत नाही असं असेल तर बाहेरचे पॉईंट आधी उघडा. आणि घरात इलेक्ट्रॉनिक वस्तू फार असतील तर प्रत्येकीच्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती होत असते, तिची बेरीज १५ च्या वर गेली की दोष नसतानाही पडते. त्यावर उपाय म्हणजे सर्किटं अधिक आरसीसीबींत वाटणं किंवा गिझर, किचनसारख्या सर्किटांना स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) देणं. खर्च वाढतो, पण एका दोषाने सगळं घर अंधारात जात नाही.

अर्थिंग आहे मग आरसीसीबी कशाला, असा वाद मालकांचे मेहुणे वगैरे मंडळी घालतील. त्यांच्यासमोर एक गणित मांडा. खेड्यात किंवा गावाबाहेरच्या बंगल्यात आपण स्वतःचा अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) करतो. त्याचा विरोध २० ओहम आला असं धरा, मुरमाड जमिनीत एवढा येणं नवल नाही. वॉशिंग मशीनच्या बॉडीला फेज लागला तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी यावर पडणार नाही. मशीनचा पत्रा तासन्‌तास जिवंत राहील आणि ओल्या पायाने कोणीतरी हात लावेल. आरसीसीबी मात्र याच २० ओहमवर क्षणात पडेल. तिच्या बाबतीत तर हिशेब असा आहे की बॉडीवर ५० व्होल्टपेक्षा जास्त राहू नये म्हणून विरोध १६०० ओहमपर्यंत गेला तरी ती काम करते. याचा अर्थ अर्थिंग कसंही केलं तरी चालेल असा घेऊ नका. एवढंच समजा की जिथे स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून आहात तिथे एकट्या एमसीबीने संरक्षण होत नाही.

आणि अर्थिंगची मोजणी कधी करायची याबद्दल माझं मत ठाम आहे : मे महिन्यात. काळ्या मातीत पावसाळ्यात कुठलाही खड्डा चांगलं रीडिंग देतो. तीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाईपपासून सुटते. कोकणात जांभ्यावर पाणी टिकत नाही, तिथे उन्हाळ्याचं रीडिंग आणखीच वेगळं येतं. अर्थिंगच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकात पाईप इलेक्ट्रोड, ६०० बाय ६०० मिलिमीटरची प्लेट, प्लेटची जाडी, खोली, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर सगळं दिलं आहे. पण त्या मानकाचा गाभा मोजून बघण्यात आहे. मीठ-कोळसा भरला, वर सिमेंटचं झाकण टाकलं आणि बिल लावलं, एवढ्याने अर्थिंग होत नाही.

आता टेस्ट रिपोर्ट. तुम्ही पैसे देऊन जो कागद आणता त्यावर काय लिहिलेलं असतं ते एकदा शांतपणे वाचा. इन्सुलेशन रेझिस्टन्स इतका, अर्थ रेझिस्टन्स इतका, पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल आपापल्या जागी) बरोबर, जोडलेला भार इतका. नियम सांगतो की लो व्होल्टेज जोडणीत प्रत्येक लाईव्ह वायर आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावल्यावर किमान १ मेगओहम आलाच पाहिजे. तुमच्या ओळखीच्या ठेकेदाराने ते घर पाहिलेलंही नाही. मग तो आकडा कुठून आला? मागच्या रिपोर्टवरून. त्याच्या मागच्या रिपोर्टवर तो त्याच्याही मागच्यावरून आला होता.

यात फसवणूक कोणाची होते तर घरमालकाची. त्यांना वाटतं आपलं घर तपासलं गेलं. त्यांनी पैसेही तपासणीचेच दिले आहेत. आणि अपघात झाला तर कागद बाहेर येतो. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या अपघाताची सूचना द्यावी लागते, माहिती मिळाल्यापासून २४ तासांत, आणि विद्युत निरीक्षक चौकशीला येतात. ते डीबी उघडतात, मेगर लावतात, वायर कापून नेतात. सही ज्याची, उत्तर त्याला द्यावं लागतं. काम ज्याने केलं त्याचं नाव मालक सांगतातच. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यांतली कितीतरी शेतात, मोटारीच्या पेटीपाशी, ओल्या भिंतीपाशी जातात. मला हा कागद फार गंभीरपणे घ्यावासा वाटतो तो यामुळे.

परवान्याशिवाय काम करणं कायद्यात कुठे बसतं तेही सांगतो, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलायला परवाना लागत नाही, अट इतकीच की त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलू नये. त्यापलीकडचं सगळं, म्हणजे नवीन वायरिंग, वाढीव पॉईंट, फेरफार, दुरुस्ती, हे राज्य सरकारच्या परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करायचं, आणि हात लावणाऱ्याकडेही परमिट असायला हवं. हे नवीन नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ते नियम ४५ मध्ये होतं, २०१० च्या सुरक्षा नियमांत २९ व्या क्रमांकावर आलं आणि २०२३ च्या नव्या नियमांतही कायम आहे. म्हणजे तीन माणसं लागतात : ठेकेदार, पर्यवेक्षक, वायरमन. छोट्या गावात दोन भूमिका एकाच माणसाकडे असतात, पण तीन जबाबदाऱ्या तीनच राहतात.

महाराष्ट्रात हे परवाने उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म खात्याखालचं अनुज्ञापक मंडळ देतं. तुमचा आयटीआय झालेला आहे, त्यामुळे वायरमनच्या प्रमाणपत्रासाठी परीक्षेतून सूट घेऊन अर्ज करायची वाट तुम्हाला खुली आहे. आयटीआय नसलेल्यांना परवानाधारक ठेकेदाराकडच्या अनुभवावर परीक्षा द्यावी लागते. वायरमन म्हणून अनुभव झाला की पर्यवेक्षकाची परीक्षा. पदविका किंवा पदवी असलेल्यांची वाट वेगळी आणि जवळची आहे. ठेकेदारीसाठी मोजमापाची उपकरणं स्वतःची असावी लागतात, आणि कामावर पर्यवेक्षक व वायरमन दाखवावे लागतात. शुल्क आणि नमुने वेळोवेळी बदलतात, ते मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, एजंटाच्या तोंडून नको. अर्ज अडकतात ते बहुतेक दोन गोष्टींवर : शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि ट्रेडचं प्रमाणपत्र यांवर नाव वेगवेगळं असतं, किंवा अनुभवाच्या दाखल्यावर ठेकेदाराचा अनुज्ञप्ती क्रमांक आणि मुदत नसते. अप्रेंटिसशिप केली असेल तर तिचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

परवाना राज्याचा असतो, हेही ध्यानात असू द्या. सिंधुदुर्गातली बरीच मुलं गोव्यात काम धरतात. तिथलं काम तिथल्या सरकारने दिलेल्या किंवा मान्य केलेल्या परवान्यावरच होतं. आधी मान्यता, मग काम.

परवाना हातात येईपर्यंत काय करायचं? कामं थांबवा असं मी म्हणणार नाही, घर चालवायचं असतं. त्याच ठेकेदाराशी नीट ठरवा. सहीचे पैसे देता तेच भेटीचे द्या. स्लॅबचे पाईप टाकताना एकदा आणि वायर ओढून झाल्यावर डीबी बांधताना एकदा, अशा दोन वेळा त्यांनी साईटवर यावं. तपासणी त्यांच्यासमोर तुमच्या हातून व्हावी. काम त्यांच्या नावावर आणि त्यांच्या देखरेखीखाली, तुमची नोंद त्यांच्या कामगारांत. तुमचा अनुभवाचा दाखलाही मग खरा निघतो. ते तयार झाले नाहीत तर दुसरा ठेकेदार शोधा. तयार होणारे असतात, कारण अपघाताची भीती त्यांनाही असते.

दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर : परवान्याच्या नूतनीकरणासाठी अमुक तासांचं शिक्षण घेतलंच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही. मुदतीत अर्ज करा, शुल्क भरा, झालं. अमेरिकेत टेक्सस राज्यात इलेक्ट्रिशियनला नूतनीकरणासाठी दर वर्षी ४ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यांचा कोड (वायरिंगची नियमसंहिता) दर तीन वर्षांनी बदलतो, २०१७, २०२०, २०२३ अशा आवृत्त्या निघाल्या, आणि त्या तासांत बदललेले नियम शिकवले जातात. आपल्याकडेही असं व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाकाठी एक दिवस आयटीआयमध्ये बोलावून नवीन नियम समजावले आणि प्रत्येकाच्या हातात मेगर देऊन रीडिंग घ्यायला लावलं, तर खर्च फार नाही.

कारण आपले नियमही बदलत आहेत, फक्त ते कोणी घरी येऊन सांगत नाही. राष्ट्रीय विद्युत संहिता पहिल्यांदा १९८५ मध्ये निघाली, मग २०११ मध्ये, मग २०२३ मध्ये सुधारली. वायरिंगचं मानक आयएस ७३२ हे १९८९ नंतर थेट २०१९ मध्ये बदललं. अर्थिंगचं ३०४३ हे १९८७ नंतर २०१८ मध्ये. या काळात जे वायरमन शिकले त्यांनी जुन्या पुस्तकावर सगळं आयुष्य काढलं, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आजही तेच करतात. जुन्या वाड्यांत अजून न्यूट्रलमध्ये किटकॅट फ्यूज सापडतो. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, घरातल्यांना वाटतं लाईट गेली, आणि होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. जोडस्विचशिवाय (फेज आणि न्यूट्रल एकत्र तोडणाऱ्या स्विचशिवाय) न्यूट्रल एकटा तोडायचा नाही हे १९५६ च्या नियमांतही होतं. तरी दुरुस्तीला गेलेला माणूस फ्यूजची तार बदलून परत येतो.

ही मानकं वाचायला पैसे लागत नाहीत. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की ती मोफत उतरवून घेता येतात. सुरक्षा नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहेत. भाषा इंग्रजी आणि रुक्ष आहे हे खरं. तुम्ही सगळं वाचू नका. आयएस ७३२ मधला तपासणी आणि चाचणीचा भाग आधी घ्या, एका वेळी एक चाचणी, आणि ती त्याच आठवड्यात एखाद्या घरात करून बघा. आमच्या भागातले आम्ही काही वायरमन महिन्यातून एकदा कोणाच्या तरी दुकानात बसतो, एक जण वाचतो, एक जण बोर्डावर जोडून दाखवतो. मराठीत समजावून सांगणारा एक जण निघतोच.

काय शिकायचं याचा क्रम मी कामं कुठून येत आहेत त्यावरून लावतो. सगळ्यात जास्त विचारणा आता सोलरची आहे. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं आणि खेड्यापाड्यांत पॅनेल बसत आहेत. आपण एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या करंटवर, वाढलेली माणसं. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटमध्ये, तो शून्यावर येतच नाही. पॅनेलच्या लाईनवर साधी एसी एमसीबी बसवली तर ती उघडताना आतल्या आत जळत राहू शकते. डीसीसाठी बनवलेलाच आयसोलेटर हवा, डीसीचीच केबल हवी, आणि कनेक्टर एकाच बनावटीचे नर-मादी हवेत. ऊन असेपर्यंत पॅनेल बंद करता येत नाही, हेही अंगी मुरायला वेळ लागतो. मेन पाडली म्हणजे सगळं मेलं ही आपली सवय तिथे घात करते.

मग इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर. सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी वेगळं प्रकरण २०१९ पासून आहे. चार्जिंग पॉईंटला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण, आणि ते किमान टाईप ए चं असावं. बाजारात स्वस्तात मिळते ती टाईप एसी. चार्जर, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या दोषात धडधडणाऱ्या डीसीचा अंश असतो आणि टाईप एसी त्याला दाद देईलच असं नाही. आरसीसीबीच्या अंगावर छोटं चिन्ह छापलेलं असतं, ते वाचायला शिका आणि दुकानदाराकडे नाव घेऊन मागा. पार्किंगमधल्या जुन्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून गाडी रात्रभर चार्ज करू द्यायची नाही. सॉकेट तासन्‌तास पूर्ण भार सोसण्यासाठी बसवलेलं नसतं, आणि मागची वायर कितीची आहे ते कोणालाच ठाऊक नसतं.

वायरीवरून आठवलं, ही एक गोष्ट आजच करून बघा, हिला कुठलाही कोर्स लागत नाही. बाजारात आयएस ६९४ या वायरींच्या मानकाचा शिक्का मारलेली, पण आत तांबं कमी असलेली वायर मिळते. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा विरोध २० अंश तापमानाला किलोमीटरला १३.३ ओहमपेक्षा जास्त असू नये. २.५ ला ७.९८, ४ ला ४.९५. म्हणजे १.५ ची ९० मीटरची गुंडाळी घेतली आणि दोन्ही टोकांना चांगला मीटर लावला, तर १.२ ओहमच्या आसपास यायला हवेत. २.५ ला ०.७२. मीटरच्या लीडचा विरोध आधी मोजून वजा करा. नागपूरच्या उन्हाळ्यात गुंडाळी ४० अंशाला असेल तर आठ टक्के जास्त येईल, ते चालतं. १.५ म्हणून घेतलेल्या गुंडाळीला १.७ आले तर एकतर तांबं कमी आहे किंवा त्यात भेसळ. परत करा. दुकानदाराच्या काउंटरवर हे दोन-चारदा केलं की तो तुम्हाला वेगळ्या कपाटातली वायर काढून देऊ लागतो.

त्याच हिशेबाला धरून, एमसीबी निवडताना उपकरण बघायच्या आधी वायर बघा. एसी सुरू होताना पडते म्हणून २० ची काढून ३२ ची बसवली आणि भिंतीत वायर १.५ चीच राहिली, तर आता वायर हीच फ्यूज झाली. सुरुवातीच्या करंटमुळे पडत असेल तर वक्र बघा. बी वक्राची एमसीबी आपल्या रेटिंगच्या ३ ते ५ पटीला झटक्यात पडते, सी वक्राची ५ ते १० पटीला. वायरीला योग्य तेवढ्याच रेटिंगची सी घेतली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

गणपतीच्या आणि नवरात्राच्या मंडपांची कामं येत असतील तर महावितरणची तात्पुरती जोडणी रीतसर घ्यायला लावा आणि डीबीत ३० ची आरसीसीबी घालाच. पाऊस, लोखंडी पाईप, पत्रे, अनवाणी माणसं आणि लहान मुलं, सगळं एका जागी. कार्यकर्ते घाईत असतात, शेजारच्या खांबावरून नाहीतर दुकानातून वायर आणा म्हणतात. अशा कामाला मी नाही म्हणतो. पहिल्या वर्षी मंडळ रागावलं, दुसऱ्या वर्षी त्यांनीच बोलावलं.

उपकरणं कोणती घ्यायची? पैसे कमी असतील तर आधी मेगर. टेस्टर स्क्रूड्रायव्हरवर विसंबून पोलॅरिटी किंवा सप्लाय बंद झाल्याची खात्री करू नका, त्यासाठी दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मीटर वापरा. वापरण्याआधी आणि नंतर तो चालू सप्लायवर तपासून घ्या. मग क्लॅम्प मीटर, त्यातही मिलिअँपिअर दाखवणारा मिळाला तर फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र चिमट्यात धरून गळती थेट दिसते आणि आरसीसीबीचे अर्धे वाद तिथेच मिटतात. अर्थ टेस्टर चार जणांत मिळून घेतला तरी चालतो.

शेवटी पैशाचं. अंदाजपत्रकात पॉईंटचा दर लावताना तपासणी त्यातच धरली जाते, म्हणून ती होत नाही. तिची वेगळी ओळ लिहा : इन्सुलेशन, अर्थिंग, पोलॅरिटी, आरसीसीबीची चाचणी, आणि प्रत्येक सर्किटचं रीडिंग लिहिलेला कागद डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवून. त्यावर तारीख, मीटरचा मेक, तुमचं नाव, पर्यवेक्षकाची सही. मालकांना दाखवून आरसीसीबीचं टेस्ट बटण त्यांच्याच हाताने दाबून घ्या आणि दर महिन्याला दाबायला सांगा. ओळ वेगळी दिसली की काही मालक ती कापायला सांगतील. पॉईंटच्या दरात हवं तर थोडं खाली या, पण ती ओळ ठेवा.